जंतांवरचं औषध ते मेंदूच्या संशोधनातलं हत्यार: समुद्री शेवाळातल्या कायनिक ॲसिडची गोष्ट

१९८७ चा नोव्हेंबर. कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंड या बेटावरून आलेले मसल्स जातीचे शिंपले खाल्ल्यावर लोक आजारी पडू लागले. आधी उलट्या, जुलाब, पोटदुखी. शिंपले बाधले असतील, असंच कुणालाही वाटलं असतं. पण पुढच्या दोन दिवसांत काही जण गोंधळल्यासारखे वागू लागले, काहींना झटके येऊ लागले. शंभराहून अधिक लोक आजारी पडले, किमान तीन जणांचा मृत्यू झाला. वाचलेल्यांपैकी काहींच्या नव्या गोष्टी लक्षातच राहीनात.

शास्त्रज्ञांनी काही दिवसांतच या विषाचं नाव शोधून काढलं: डोमोइक ॲसिड. हे नाव रसायनशास्त्रात नवं नव्हतं. जपानमध्ये ते एका समुद्री शेवाळात आधीच सापडलं होतं, तेही औषध म्हणून.

जपानमध्ये या शेवाळाचं काय करायचे?

पोटात जंत झाले की 'कायनिन्सो' नावाचं लाल समुद्री शेवाळ द्यायचं, ही जपानमधली शेकडो वर्षांची पद्धत. या शेवाळाचं शास्त्रीय नाव डायजेनिया सिम्प्लेक्स. जंत नेमके कशामुळे पडतात, याचा शोध घेताना १९५३ मध्ये जपानी संशोधकांनी त्यातून एक रसायन वेगळं काढलं. शेवाळाच्या नावावरून त्याला कायनिक ॲसिड म्हटलं गेलं.

पाच वर्षांनी, १९५८ मध्ये, कॉन्ड्रिया आर्माटा या दुसऱ्या लाल शेवाळातून तशाच रचनेचं आणखी एक रसायन मिळालं. जपानच्या तोकुनोशिमा बेटावर या शेवाळाला 'दोमोई' म्हणतात. त्यावरून नाव पडलं डोमोइक ॲसिड. तेही जंतांवर थोड्या मात्रेत दिलं जायचं.

मेंदूत नेमकं काय होतं?

आपल्या मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना रसायनांमार्फत निरोप देतात. 'जागी हो, पुढे निरोप दे' असं सांगणारं सर्वांत महत्त्वाचं रसायन म्हणजे ग्लुटामेट. चेतापेशीवर त्यासाठी खास रिसेप्टर असतात. ग्लुटामेट तिथे बसलं की पेशी उत्तेजित होते. काम झालं की आसपासच्या पेशी ते लगेच शोषून घेतात.

कायनिक आणि डोमोइक ॲसिडची रचना ग्लुटामेटशी मिळतीजुळती आहे. त्यामुळे त्याच कुलपाला ही चावी लागते. पण ग्लुटामेटसारखं त्यांना चटकन आवरून घेतलं जात नाही. पेशी उत्तेजितच राहते, तिच्यात कॅल्शियम घुसत राहतं आणि शेवटी ती मरते. स्मृतीसाठी महत्त्वाच्या असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशींना याचा मोठा फटका बसतो. कॅनडातल्या रुग्णांची स्मृती का गेली, त्याचं उत्तर इथे मिळतं.

विष संशोधनाचं साधन कसं झालं?

कायनिक ॲसिड चेतापेशींना जोरदार उत्तेजित करतं, हे जपानी संशोधकांनी १९७० मध्ये उंदरांच्या मेंदूवर दाखवलं. १९७६ मध्ये हे रसायन उंदरांच्या मेंदूत टोचून हंटिंग्टन आजारात होते तशी हानी घडवता आली. पुढे अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजाराच्या अभ्यासातही ते वापरलं जाऊ लागलं. उंदराला कायनिक ॲसिड दिलं की झटके येतात, हिप्पोकॅम्पसला इजा होते आणि काही आठवड्यांनी आपोआप फिट येऊ लागतात. माणसांमधल्या एका नेहमीच्या अपस्मारातही असंच चित्र दिसतं.

अपस्माराच्या जवळपास एक तृतीयांश रुग्णांना औषधांनी पुरेसा आराम पडत नाही. त्यांच्यासाठी नवं औषध शोधायचं तर आधी ते प्राण्यांवर तपासावं लागतं. म्हणून हे रसायन प्रयोगशाळांसाठी इतकं मोलाचं ठरलं. ग्लुटामेटच्या रिसेप्टरच्या एका प्रकाराला तर 'कायनेट रिसेप्टर' असंच नाव आहे.

मग शिंपल्यांत विष आलं कुठून?

कॅनडात दोषी ठरलं ते स्युडो-निट्झिया नावाचं सूक्ष्म शेवाळ. ते डायटम गटातलं, नुसत्या डोळ्यांनी न दिसणारं. शिंपले समुद्राचं पाणी गाळून खातात, त्यामुळे हे विष त्यांच्यात साठत जातं. शिंपल्यांना त्यामुळे विशेष त्रास होत नाही. खाणाऱ्याला होतो. शिंपले शिजवूनही हे विष जात नाही आणि त्यावर उतारा उपलब्ध नाही. त्यामुळे अनेक देशांत शिंपल्यांची तपासणी होते आणि एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त डोमोइक ॲसिड आढळलं तर विक्री थांबवली जाते.

माणसांप्रमाणे प्राण्यांनाही याची बाधा होते. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर चारशेहून अधिक सी लायन मेले, त्यामागे हेच विष होतं.

२००० च्या सुमारास प्रयोगशाळा का अडल्या?

कायनिक ॲसिड मुख्यतः शेवाळातूनच काढलं जात होतं. सन २००० च्या सुमारास पुरवठा अचानक आटला, किंमत भडकली आणि जगभरातल्या मेंदूसंशोधकांची पंचाईत झाली. प्रयोगशाळेत ते रसायनांपासून बनवता येत होतं, पण पद्धती लांबलचक आणि महागड्या होत्या.

मग प्रश्न विचारला गेला: शेवाळ स्वतः हे कसं बनवतं? अमेरिकेतल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत २०१८ मध्ये डायटममधली डोमोइक ॲसिड बनवणारी जनुकं शोधली. २०१९ मध्ये लाल शेवाळातली कायनिक ॲसिडची जनुकंही सापडली. ग्लुटामेटपासून कायनिक ॲसिड बनवायला शेवाळाला दोनच मुख्य पायऱ्या लागतात. त्यातली शेवटची पायरी बॅक्टेरियाच्या मदतीने करून हे रसायन मोठ्या प्रमाणात बनवता येतं, हेही संशोधकांनी दाखवलं.

याचा उपयोग काय?

एक म्हणजे, मेंदूच्या आजारांवर काम करणाऱ्यांना समुद्रातल्या शेवाळावर अवलंबून राहण्याची गरज कमी होते. दुसरं म्हणजे, समुद्रात डायटमची ही जनुकं कधी कामाला लागतात हे तपासलं, तर शिंपल्यांत विष साठण्याआधीच धोक्याची सूचना मिळू शकते.