बोटाले मालूम हाये

शेगावहून निघालेली गाडी खिरोड्याला पूर्णेचा पूल ओलांडून वरवट बकालच्या वाटेला लागली, की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसू लागते. कॉलेजच्या वयात या रस्त्यावर काळी-पिवळी जीपमधून मी पुष्कळ हिंडलो. पुढच्या सीटवर चौघं दाटीवाटीनं बसायचो, गिअरचा दांडा गुडघ्याला लागायचा आणि ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी डेक असायचा. एकदा पावसाळी रात्री कॅसेटची बाजू संपली. ड्रायव्हरकाकांनी कॅसेट काढली, उलटी करून परत आत सारली, आवाज थोडा उतरवला, वायपरची कळ ओढली आणि समोरून येणाऱ्या ट्रकला डिपर दिला. एवढ्या सगळ्यात त्यांची मान एकदाही खाली गेली नाही. न बघता कसं जमतं, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पाहा नाही लागत बाप्पा, बोटाले मालूम हाये."

गाडीतल्या बाजाची कुळकथा मला या बोटापासूनच सांगावीशी वाटते. गाणं गाडीत कधी आलं एवढ्यानं ती पुरी होत नाही. ते ड्रायव्हरच्या हाताखाली कसं आलं, हा तिचा खरा गाभा आहे.

आपल्याकडे वाटेवरचा पहिला बाजा बैलाच्या गळ्यात होता. रेंगीला किंवा दमणीला जुंपलेल्या जोडीच्या गळ्यात घुंगरमाळ असे. धुरकऱ्याच्या एका हातात कासरा आणि दुसऱ्यात तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी. गाण्यासाठी त्याला तिसरा हात लागत नसे. बैल दुडके धावले की सूर चढायचा, चढणीला मंदावले की उतरायचा. हीच माळ अंधारात समोरच्याला वर्दीही द्यायची, म्हणजे बाजा आणि हॉर्न एकच. बाजार करून परतताना धुरकऱ्याचा डोळा लागला, तरी बैल घरची वाट चुकत नसत. इंजिनाला वाट कळत नाही. मोटार आली तेव्हा वाट बघण्याचं सगळं ओझं माणसाच्या दोन डोळ्यांवर पडलं, आणि तेव्हापासून गाडीतल्या प्रत्येक कळीला एकच प्रश्न विचारावा लागतो: ही वापरताना रस्त्यावरची नजर काढावी लागते का?

डॅशबोर्ड हा शब्दही घोडागाडीतलाच. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी म्हणजे डॅशबोर्ड. घोडा गेला, फळी राहिली, आणि तिच्यावर काटे, किल्ल्या, दिव्यांच्या कळा येऊन बसल्या. सुरुवातीला त्यांत काहीच एकवाक्यता नव्हती. १९०८च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये पायाशी तीन पेडल होते, पण डावा गिअर बदलायला, मधला गाडी मागे घ्यायला आणि उजवा ब्रेकला. वेग वाढवायची दांडी स्टिअरिंगखाली, हाताशी. आजचा उत्तम ड्रायव्हर त्या गाडीत बसला, तर ब्रेक समजून रिव्हर्स दाबेल. क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर ही आजची मांडणी १९१६च्या कॅडिलॅकमध्ये दिसते. १९२२पासून बनलेल्या स्वस्त ऑस्टिन सेव्हननं ती घरोघरी नेली. पाय एकदा शिकला की कोणत्याही गाडीत तोच पाय चालतो, हे या एकमतामुळे. काळी-पिवळी चालवणारा माणूस उद्या मालकाची नवी गाडी घेऊन अकोल्याला निघू शकतो, तोही त्याच आधारावर.

डिपरचंही तसंच. समोरच्याच्या डोळ्यांवर झोत येऊ नये म्हणून दिवा खाली झुकवायचा, ते झुकवणं म्हणजे डिप. जुन्या जीपमध्ये याची कळ खाली पायाशी, क्लचच्या डाव्या बाजूला असायची आणि डाव्या पायानं टक्‌कन दाबावी लागायची. पुढे ती स्टिअरिंगमागच्या दांडीवर आली. जागा बदलली तरी ती बोटाला नाहीतर पायाला न बघता सापडेल अशीच राहिली.

आता रेडिओकडे वळू. १९२८मध्ये शिकागोत पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांनी छोटा कारखाना काढला. घरचा रेडिओ बॅटरीऐवजी विजेच्या तारेवर चालावा यासाठीचं उपकरण ते बनवत. मंदीत तो धंदा बसू लागला, तेव्हा त्यांनी मोटारीत रेडिओ बसवायचं मनावर घेतलं. अडचण मोठी होती. त्या काळच्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हना मोटारीच्या सहा व्होल्टच्या बॅटरीनं भागत नसे. त्यांच्यासाठी जास्त दाबाच्या वेगळ्या बॅटऱ्या गाडीत ठेवाव्या लागत. त्यात पेट्रोल इंजिनाच्या प्लगमधली प्रत्येक ठिणगी रेडिओत 'खर्र' करून उमटे. ती ठिणगी रेडिओपुरती गप्प करण्यात कसब होतं. जून १९३०मध्ये अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांचा मेळावा भरला. पॉल गॅल्विनकडे स्टॉल घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी आपली स्टुडबेकर बाहेर उभी केली आणि रेडिओ मोठ्यानं लावला. ऑर्डरी मिळाल्या. मोटार आणि त्या काळी बाजाच्या नावांना लावत तो 'ओला' जोडून त्यांनी नाव केलं मोटोरोला. पुढे तेच कंपनीचं नाव झालं.

युरोपातला पहिला मोटार रेडिओ १९३२मध्ये बर्लिनच्या इडिअल कंपनीनं काढला. ही कंपनी तपासून पास केलेल्या हेडफोनवर निळा ठिपका लावायची. लोक तो ठिपकाच मागू लागले आणि कंपनी ब्लाउपुंक्ट, म्हणजे निळा ठिपका, या नावानं ओळखली जाऊ लागली. तिचा पहिला मोटार रेडिओ सुमारे पंधरा किलोचा होता आणि त्याची किंमत ४६५ मार्क. एवढं धूड ड्रायव्हरच्या हाताशी मावणार कुठे? म्हणून पेटी दुसरीकडे बसवून तिची कळ स्टिअरिंगच्या दांड्यावर आणली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. जागाच नव्हती म्हणून का होईना, पण त्या कारागिरांनी गाणं थेट बोटाशी आणून ठेवलं. रेडिओ लहान होऊन डॅशबोर्डात मावला, तशी ती कळ स्टिअरिंगवरून गेली आणि पुन्हा तिथे यायला अर्धं शतक लागलं.

रेडिओमुळे ड्रायव्हरचं लक्ष उडेल, ही भीती तेव्हाही होती. अमेरिकेत काही ठिकाणी बंदीचे प्रस्ताव आले. कारागिरांनी त्याला उत्तर दिलं ते बटणांनी. रेडिओचा कान पिळत स्टेशन शोधायला काट्याकडे बघावं लागतं. म्हणून पाच बटणं आली: स्टेशन एकदा नीट लावा, बटण बाहेर ओढा आणि परत आत दाबा. ते स्टेशन त्या बटणाला पाठ. पुढच्या वेळी डावीकडून तिसरं बटण दाबलं की काम झालं. त्याला डोळे लागत नाहीत.

आपल्याकडे रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागे, आणि फियाट किंवा अ‍ॅम्बॅसेडरमध्ये रेडिओ असणं हे डॉक्टर-वकिलांचं काम. गाणं खऱ्या अर्थानं गाडीत बसलं ते कॅसेटनं. फिलिप्सच्या लू ओटेन्सनी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा करून आधी माप ठरवलं आणि मग त्यात यंत्र बसवलं. १९६३मध्ये कॅसेट बर्लिनच्या प्रदर्शनात आली. आत चार मिलिमीटरहूनही अरुंद फीत. आपल्याकडे १९८३मध्ये गुलशन कुमारांची टी-सिरीज उभी राहिली, कॅसेट स्वस्त झाल्या, आणि प्रल्हाद शिंद्यांचा आवाज टेम्पो, जीप, ट्रॅक्टर सगळीकडे पोचला. काळी-पिवळीच्या काचेपुढे कॅसेटची चळत असे आणि वर गजानन महाराजांचा फोटो.

डेक हा शब्द मूळचा डच, अर्थ आच्छादन. त्यावरून जहाजाची तक्तपोशी म्हणजे डेक. फितीची चाकं जिच्यावर फिरतात ती सपाट पाटीही डेक. आपण त्या पाटीचं नाव अख्ख्या बाजाला दिलं.

डेकची बोटांची भाषा ज्याला आली, त्याला ती अजून आठवत असेल. कॅसेटची उघडी, फीत दिसणारी कड कोणत्या बाजूला ठेवायची ते अंगठ्याला कळायचं. पुढे नेण्याची आणि मागे आणण्याची अशी दोन बटणं शेजारी. चांगल्या डेकमध्ये दोन्ही एकदम दाबली की कॅसेट न काढता बाजू बदलायची. आवाजाची खुंटी गोल आणि खरबरीत. डिझेलच्या जीपला ठिणगीचे प्लग नसतात, त्यामुळे ती खरखरही नाही. फीत गुंतली, की स्टँडवर गाडी लावून कॅसेटच्या दात्यात पेन घालून फिरवायची. रात्रीच्या फेरीला तर डेक ड्रायव्हरचा सोबती होता. "गाणं बंद नका करू, मले झोप येते," हे मी त्याच काकांकडून ऐकलंय.

मग सीडी आली, पेनड्राइव्ह आला, आणि आता पडदा. १९८६च्या ब्यूक रिव्हिएरात असा स्पर्शाचा पडदा पहिल्यांदा आला होता, पण तो थोड्याच वर्षांत काढावा लागला. आज तो छोट्या गाड्यांतही आहे. नकाशा, मागचा कॅमेरा यांसाठी तो उत्तमच, यात मला शंका नाही. पण गुळगुळीत काचेवर बोटाला काही मालूम होत नाही. कोणताही चौकोन दुसऱ्यासारखाच लागतो, म्हणून नजर खाली जाते. २०२२मध्ये स्वीडनच्या 'वी बीलॅगारे' या मासिकानं ताशी ११० किलोमीटर वेगात चाचणी घेतली. बटणं असलेल्या २००५च्या जुन्या व्होल्वोत रेडिओ, एसी वगैरे चार कामं १० सेकंदांत, ३०६ मीटरमध्ये उरकली. पडद्याच्या सर्वांत वाईट गाडीत त्याच कामांना पाऊण मिनिट आणि १३०० मीटरहून जास्त अंतर लागलं.

वरवट बकालच्या रस्त्यावर ताशी ११० कोणी जाऊ नये. पण ताशी साठनंसुद्धा गाडी दोन सेकंदांत तेहतीस मीटर जाते. कापसाच्या हंगामात तेवढ्या अंतरात मागे दिवा नसलेली बैलगाडी असू शकते, शेतातून उडी घेणारा रोही, म्हणजे नीलगाय, असू शकतो. आता बैलांच्या गळ्यात घुंगरमाळही नसते, आणि असली तरी बंद काचेआड ऐकू येणार नाही.

युरोपातली गाड्यांची सुरक्षितता तपासणारी युरो एनकॅप ही संस्था जानेवारी २०२६पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीची हाक यांसाठी खरीखुरी कळ असलेल्या गाडीलाच पूर्ण गुण देते. गाण्याचा आवाज त्या यादीत नाही. तो आपल्यालाच बघावा लागेल. म्हणून गाडी घ्यायला जाल, तेव्हा शोरूममध्ये उभ्या गाडीत बसा, डोळे मिटा, आणि आवाज कमी करून दाखवा, वायपर लावा, धोक्याचे दिवे लावा. हात चाचपडला तर विक्रेत्याला सांगा, मला खुंटी असलेली गाडी दाखवा.