कारंजाची गाठ आणि मुंबईची गोदी

वाशीम जिल्ह्यातले कारंजा मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे. तरीही तिथे कोणते कारखाने निघाले आणि कोणते निघाले नाहीत, हे बऱ्याच अंशी मुंबई बंदराने ठरवले असे आम्हाला वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. १८२५-२६ च्या सुमारास हैदराबादच्या विकाजी मेहेरजी पेढीने तो मुंबईकडे पाठवायला सुरुवात केली. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोचला आणि वऱ्हाड बंदराला जोडला गेला.

इथे थोडे गणित करू. शेतातल्या कापसात वजनाने सुमारे दोन-तृतीयांश सरकी असते आणि एक-तृतीयांश रुई. कापूस तसाच मुंबईला धाडला, तर भाड्याच्या दर तीन रुपयांतले दोन सरकीवर जाणार. म्हणून जिन पिकाजवळच हवा. उरलेल्या रुईत हवाच फार. डबा वजनाआधी आकारमानानेच भरतो. जहाजावर तर जागेलाच मोल. सुरुवातीला अर्धवट दाबलेली रुई मुंबईत कुलाब्याला पुन्हा दाबली जाई. वाफेचे प्रेस वऱ्हाडात आल्यावर ३९२ पौंडांची पक्की गाठ इथेच बांधली जाऊ लागली. माप मात्र मुंबईच्या बाजाराचे!

कारंजाला विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी गाडी मिळाली, लोकांची 'शकुंतला'. तिचे रूळ अडीच फुटी, मुख्य मार्गाचे साडेपाच फुटी. त्यामुळे मूर्तिजापूरला प्रत्येक गाठ उतरवून पुन्हा चढवायची. सैल रुईचा असा खटाटोप कोणाला परवडणार? वाशीम गावाला तर रेल्वे स्वातंत्र्यानंतरच मिळाली.

सूत आणि कापड मात्र मुख्य लोहमार्गावरच्या गावांकडे गेले. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. (भांडवल, कोळसा, पाणी हीही कारणे होतीच, सारा भार रुळांवर टाकणे बरोबर नाही.) कारंजाच्या वाट्याला सरकी काढणे आणि हवा काढणे एवढेच आले. तेही हंगामापुरते, पुढचे काही महिने जिनमधला मजूर रिकामा.

शकुंतला आता धावत नाही. २०२५ मध्ये पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग कारंजाजवळून जातो. शेतांत सोयाबीन वाढले आहे, आणि त्याला कापसाचे गणित लागू पडत नाही. दाणा जड, त्यात तेल सुमारे पाचवा हिस्सा. उरते ती पेंड, तिलाही गिऱ्हाईक. प्रवासात वाया जाणारे वजन जवळजवळ नाहीच. म्हणजे जिन जसा पिकाजवळ राहणे भाग होते, तशी तेलाची गिरणी नाही. पोत्यातला दाणा गाळपासाठी कुठेही नेता येतो, आणि चांगला रस्ता ते आणखी स्वस्त करतो.