तांबडा नऊ : माउझर पिस्तुलाच्या मुठीवरील एक खूण

जुन्या शस्त्रांच्या संग्रहांत माउझरचें एखादें पिस्तूल असें आढळतें, कीं त्याच्या लाकडी मुठीवर दोन्ही अंगांस ९ हा आंकडा मोठा व खोल कोरून त्यांत तांबडा रंग भरलेला असतो. पाहणारास तो पलटणीचा क्रमांक वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः ती काडतुसाविषयीं सैनिकाला दिलेली सूचना होय. आणि ती देण्याची पाळी कां आली हें पाहूं गेल्यास पहिल्या महायुद्धाच्याही मागें जावें लागतें.

ह्यूगो बोर्खार्ट यानें इ. स. १८९३ मध्यें आपोआप भरणारें पिस्तूल सिद्ध केलें. त्याचें काडतूस ७.६५ मिलिमीटरचें, पितळी पुंगळी २५ मिलिमीटर लांब, बुडाशीं रुंद व गोळीजवळ मान आंवळल्यासारखी. या एका मुळापासून पुढें दोन घराणीं निघालीं. ओबर्नडॉर्फ येथील माउझरच्या कारखान्यानें १८९६ च्या आपल्या पिस्तुलासाठीं तेंच काडतूस अधिक जोरदार करून घेतलें व त्यास ७.६३ असें म्हटलें. (नांवांतील या दोन शतांश मिलिमीटरांवर कोणीं फारसा भरंवसा ठेवूं नये, खरा फरक दारूच्या जोराचा आहे.) दुसरीकडे गेऑर्ग लूगर यानें पुंगळी आंखूड करून ७.६५ पॅराबेलम बनविलें आणि १९०२ च्या सुमारास त्याची मान मोकळी करून तींत ९ मिलिमीटरची गोळी बसविली. लूगरचें हें ९ चें पिस्तूल जर्मन आरमारानें १९०४ मध्यें व भूसेनेनें १९०८ मध्यें स्वीकारलें.

माउझरचें ७.६३ व लूगरचें ९ हीं काडतुसें दिसण्यांत भिन्न असलीं, तरी या समान कुळामुळें दोहोंचें बूड जवळजवळ एकाच व्यासाचें, दहा मिलिमीटरांस किंचित् कमी, राहिलें. पुढील घोंटाळ्याचें बीज येथें आहे. युद्धांत लूगर पिस्तुलांचा पुरवठा अपुरा पडला, तेव्हां १९१६ मध्यें जर्मन लष्करानें माउझरकडे दीड लक्ष पिस्तुलांची मागणी केली. अट एवढीच कीं, तीं लष्कराच्या ९ च्या काडतुसावर चालावीं. युद्ध संपेपर्यंत त्यांपैकीं सुमारें १,३७,००० हातीं आलीं. बूड सारखेंच असल्यामुळें कारखान्यास मुख्यतः नळी बदलावी लागली; बाह्य रूप तेंच राहिलें. इकडे ७.६३ चीं माउझर पिस्तुलेंही सैन्यांत होतींच. दोहोंत दहा काडतुसें पट्टीनें वरून भरावयाचीं. परंतु एकाचें काडतूस दुसऱ्यास चालावयाचें नाहीं.

अदलाबदल झाल्यास काय होई? ९ ची गोळी ७.६३ च्या घराच्या अरुंद मानेंत शिरतच नाहीं, व पिस्तूल ऐन वेळीं उघडेंच अडकून राहतें. उलट ७.६३ चें काडतूस ९ च्या पिस्तुलांत पडून बार झालाच, तर गोळी मिलिमीटराहून अधिक बारीक असल्यामुळें नळींतील आट्यांस धरीत नाहीं, आणि नेम म्हणून कांहीं उरत नाहीं. शेजारीं शेजारीं ठेविलेलीं काडतुसें आंधळाही चांचपून ओळखील. एक २५ मिलिमीटर पुंगळीचें व मानेचें, दुसरें १९ चें व सरळ. अडचण काडतुसाची नव्हती, पिस्तुलाची होती. हातांतील पिस्तूल कोणतें, हें नळीचें तोंड निरखल्यावांचून कळेना. म्हणून खूण शस्त्रावर, आणि तीही हात पडतो त्याच जागीं केली. रंग दिवसाचा, कोरीव आंकडा अंधारांतही बोटांस लागतो.

चीनमधील शान्सी प्रांताचा सत्ताधीश येन शी-शान याच्या तैयुआन येथील कारखान्यानें निराळा मार्ग धरिला. तेथें टॉमसन बंदुका ०.४५ इंची काडतुसावर बनत. तेंच काडतूस चालावें म्हणून १९२९ च्या सुमारास माउझर पिस्तुलच वाढवून मोठें करण्यांत आलें. दोन काडतुसेंच नकोत, मग खूण कशाला, असा हा हिशेब.

आपल्याकडील संशोधकास हा विषय अगदींच परका नाहीं. २६ ऑगस्ट १९१४ रोजीं कलकत्त्यास रॉडा कंपनीच्या मालांतून ५० माउझर पिस्तुलें व ४६,००० काडतुसें बंगाली क्रांतिकारकांनीं पळविलीं. रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालांत त्या पिस्तुलांचें माप इंचांत, ०.३०० असें आलें आहे. तें वाचून ७.६३ हून निराळें असें कांहीं तिसरें शस्त्र कोणीं कल्पूं नये; एकाच मापाचीं तीं दोन नांवें आहेत. तांबडा नऊ असलेलें पिस्तूल मात्र रॉडाच्या मालांतील म्हणून कोणीं दाखविल्यास, तो आंकडा घालण्याचें कारणच दोन वर्षांनंतरचें आहे, हें ध्यानीं असावें. तथापि केवळ मुठीवरूनही निर्णय करतां येत नाहीं. मुठीच्या फळ्या एका मळसूत्रानें बसविलेल्या असतात व सहज बदलतां येतात. नळीचेंच माप घ्यावें लागतें.