संगणकीय पुरावा
संगणक, भ्रमणध्वनी व तत्सम साधनांत साठविलेल्या नोंदींच्या आधारे न्यायालयात एखादी गोष्ट शाबीत करण्याचे साधन. अशा नोंदी शोधणे, त्या न बदलता जतन करणे व त्यांचे विश्लेषण करणे, हे संगणकीय न्यायसहायक विज्ञानाचे कार्य होय. या नोंदींत सहज फेरफार करता येत असल्याने तपासणी मूळ साधनावर न करता त्याच्या तंतोतंत प्रतीवर केली जाते. मूळ व प्रत यांची हॅश मूल्ये जुळल्यास दोहोंची एकरूपता सिद्ध होते. मात्र मूळ नोंद खरी होती किंवा नाही, हे त्यावरून ठरत नाही.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये १८७२ च्या पुरावा अधिनियमात कलम ६५ ब समाविष्ट झाले. प्रतीसोबत, संबंधित साधनाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र त्याने आवश्यक केले. तथापि संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी-संभाषणांच्या नोंदींचे मुद्रित उतारे अशा प्रमाणपत्राविना ग्राह्य मानले. अन्वर वि. बशीर (२०१४) या निर्णयाने ही भूमिका रद्द ठरविली, तर २०१८ मध्ये साधन ताब्यात नसलेल्या पक्षकारास पुन्हा सवलत मिळाली.

ही विसंगती जालना मतदारसंघाच्या २०१४ मधील विधानसभा निवडणुकीवरील वादात दूर झाली. विजयी उमेदवाराचे नामनिर्देशनपत्र मुदतीनंतर दाखल झाले, असा आक्षेप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाच्या तबकड्या उपलब्ध होत्या. परंतु वारंवार मागणी करूनही प्रमाणपत्र मिळाले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. खोतकर वि. गोरंट्याल या अपिलात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, मूळ साधनच हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असा निर्णय दिला. मात्र ते मिळविण्यासाठी पक्षकाराने शक्य ते सर्व केले असल्यास, अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करीत नाही, असेही स्पष्ट केले. इतर पुराव्याचाही आधार असल्याने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम राहिला.

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्रात हॅश मूल्य नमूद करावे लागते व त्यावर तज्ञाचीही स्वाक्षरी लागते. त्यामुळे प्रतीची विश्वसनीयता वाढते. परंतु नोंद प्रतिपक्षाच्या वा शासनाच्या ताब्यात असते, तेव्हा ती मिळवून देण्याचा न्यायालयाचा अधिकार हाच सामान्य पक्षकाराचा मुख्य आधार ठरतो.