हसणाऱ्या बायकांचा हिशेब

मराठी चित्रपटाच्या इतिहासात २०२३ हे वर्ष दोन कारणांसाठी नोंदवावे लागेल. ३० जून २०२३ रोजी केदार शिंदे दिग्दर्शित 'बाईपण भारी देवा' प्रदर्शित झाला आणि पंचाहत्तर कोटींहून अधिक कमाई करून तोवरच्या मराठी चित्रपटांत 'सैराट'च्या (२०१६) खालोखाल जाऊन बसला. मोठा नायक नसलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या आणि त्याहूनही वडीलधाऱ्या अभिनेत्रींनी पेललेल्या विनोदी चित्रपटाला असे यश मराठीत पूर्वी मिळालेले नव्हते. याच वर्षासाठीचे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार २०२५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला तो सुजय डहाके यांचा 'श्यामची आई'. याच कथेवरील आचार्य अत्रे यांच्या चित्रपटाला १९५४ मध्ये पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले होते. सत्तर वर्षांच्या अंतराने सन्मान पुन्हा त्याच आईकडे गेला. गल्ला मात्र फुगड्या घालणाऱ्या सहा बहिणींनी भरला.

या दोन चित्रपटांची गुणवत्ता तोलावी असा आमचा हेतू नाही. कोणत्या स्त्रीप्रतिमेला आपण मान देतो आणि कोणत्या प्रतिमेला केवळ पैसे देतो, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतून मराठी शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रश्न दूरचा वाटत नाही. 'श्यामची आई' लिहिणारे साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. त्या पुस्तकावर चित्रपट काढणाऱ्या अत्र्यांनीच असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची कविता महाराष्ट्रापुढे ठेवली. बहिणाबाईंचा संग्रह १९५२ चा, अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा. मुलाच्या आठवणीत पवित्र झालेली आई आणि जात्यावर, शेतात स्वतःच्या तोंडाने बोलणारी, माणसांच्या तऱ्हांवर मिश्कील नजर ठेवणारी बाई, या दोघीही अशा लागोपाठच्या वर्षांत आपल्या साहित्यविश्वात नव्याने उभ्या राहिल्या. तरीही बहिणाबाईंवरील उत्तरपत्रिकांत 'जीवनविषयक तत्त्वज्ञान' पानोपानी सापडते आणि 'विनोद' क्वचितच. विद्यार्थ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही, कारण आम्ही शिक्षकांनी आणि पाठ्यपुस्तकांनी त्यांच्यापुढे जे ठेवले तेच ते लिहितात.

मराठी विनोदाची परंपरा शिकवताना श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. देशपांडे अशी नामावळी ओघाने येते. पद्मजा फाटक, मंगला गोडबोले यांची नावे वेळ उरलाच तर घेतली जातात. पडद्यावरील विनोदाची स्थिती याहून वेगळी नव्हती. आपल्या सर्वांत लाडक्या विनोदांपैकी कितीतरी प्रसंग पुरुषाने लुगडे नेसल्यावर घडतात. अत्र्यांच्या 'मोरूची मावशी' या नाटकाची सारी गंमत त्यावर उभी आहे. 'अशी ही बनवाबनवी'त (१९८८) सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी स्त्रीवेशात जी धमाल केली ती आज तिसऱ्या पिढीलाही पाठ आहे. त्या चित्रपटातील नायिकांच्या वाट्याला बहुतांशी फसणे, रुसणे आणि शेवटी क्षमा करणे आले. दादा कोंडके यांच्या चित्रपटांत स्त्री ही बहुधा द्वयर्थी वाक्याचे निमित्त होती. बाईच्या रूपावर, चालीवर, बोलण्यावर महाराष्ट्र भरपूर हसला. हसवण्याचे सूत्र बाईच्या हाती देण्यास मात्र तो फारसा राजी नव्हता.

स्त्रीप्रेक्षक त्या काळातही होत्याच. विजय कोंडके यांच्या 'माहेरची साडी'ने (१९९१) ते निर्विवादपणे सिद्ध केले. राजस्थानी चित्रपटावरून घेतलेल्या या कथेने खेड्यापाड्यांतील बायकांना गटागटाने चित्रपटगृहाकडे आणले. त्या चित्रपटाचा उल्लेख पुढे जाणकारांत बव्हंशी चेष्टेने होत राहिला. 'रडका' हा शब्द त्याला कायमचा चिकटला. येथे एक शंका उपस्थित होते. 'श्यामची आई' पाहूनही महाराष्ट्र रडलाच होता. मग एक अश्रू उदात्त आणि दुसरा हास्यास्पद असे का झाले? दोन्हींच्या कलात्मक दर्जातील फरक उघड आहे, पण आमच्या मते तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. 'श्यामची आई'तील स्त्री मुलाच्या डोळ्यांतून दिसते. 'माहेरची साडी' पाहताना बायका एका बाईसाठी, पर्यायाने स्वतःसाठी रडत होत्या. बायकांनी एकत्र बसून स्वतःविषयी काही अनुभवणे, मग ते रडणे असो वा हसणे, आपल्या अभिरुचीने 'बायकी' या एका विशेषणात गुंडाळून बाजूला ठेवले. 'बाईपण भारी देवा'च्या स्वागताकडे आम्ही या पार्श्वभूमीवर पाहतो.

या स्वागताची वाट हळूहळू तयार होत गेली. चंद्रकांत कुलकर्णी यांच्या 'बिनधास्त'मध्ये (१९९९) केवळ स्त्रीपात्रे होती, पण त्याचा कल रहस्याकडे होता. केदार शिंदे यांच्याच 'अगं बाई अरेच्चा!'मध्ये (२००४) बायकांच्या मनातले बोल ऐकू येण्याची शक्ती एका पुरुषाला लाभते. चित्रपट गाजला आणि त्यातली सहानुभूती खरी होती. तरी बायकांचे मनोगत प्रेक्षकांपर्यंत पोहोचायला संजय नार्वेकरने रंगवलेला दुभाष्या लागला. पुढे हेमंत ढोमे यांचा 'झिम्मा' १९ नोव्हेंबर २०२१ रोजी आला, तेव्हा करोनाकाळात बंद पडलेली चित्रपटगृहे नुकतीच निम्म्या आसनक्षमतेने उघडली होती. इरावती कर्णिक यांनी लिहिलेली ही कथा परदेशी सहलीला निघालेल्या निरनिराळ्या वयाच्या बायकांची. सुहास जोशी आणि निर्मिती सावंत यांच्यासारख्या अभिनेत्री येथे कुणाची आई वा सासू म्हणून कोपऱ्यात उभ्या नव्हत्या. निम्म्या खुर्च्यांवरही चित्रपट टिकला. वैशाली नाईक यांनी लिहिलेल्या 'बाईपण भारी देवा'त दुभाष्याची गरजच उरली नाही. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी दुरावलेल्या सहा बहिणी एकत्र येतात. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या कुलकर्णी-मोने, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर आणि दीपा परब स्वतःच भांडतात, टोमणे मारतात, दमतात आणि हसवतात.

व्यवसायाच्या दृष्टीने एक बाब विशेष बोलकी आहे. मोठ्या जाहिरातीचा चित्रपट बहुधा पहिल्या तीन दिवसांत कमावतो आणि दुसऱ्या आठवड्यात उतरणीला लागतो. येथे दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्या आठवड्याहून अधिक झाली. पाहून आलेली बाई बहिणीला, जावेला, शेजारणीला घेऊन पुन्हा गेली, असाच याचा अर्थ लावावा लागतो. महिला मंडळे, भिशीचे गट, सोसायट्यांतील मैत्रिणी यांनी एकगठ्ठा तिकिटे काढली. राज्यभर नऊवारी नेसून, नथ घालून बायका आल्या आणि खेळ संपल्यावर चित्रपटगृहातच फुगड्या घालून गेल्या. मराठीत चित्रपटाच्या प्रयोगालाही 'खेळ' म्हणतात आणि मंगळागौरीच्या जागरणालाही खेळच म्हणतात. त्या पावसाळ्यात हे दोन्ही खेळ एकमेकांत मिसळले.

समीक्षेचा सूर संमिश्र होता. अभिनयाचे कौतुक जवळजवळ एकमुखाने झाले. आक्षेप प्रामुख्याने दोन होते. सहा जणींच्या सहा कहाण्या एका चित्रपटात कोंबल्याने एकही खोलवर जात नाही, हा पहिला. प्रश्न कठीण मांडून उत्तर मात्र समजुतीचे व घरगुती दिले आहे आणि 'बाईपणा'चा गौरव करता करता बाईवरचे ओझेच गोड करून दाखवले आहे, हा दुसरा. दुसरा आक्षेप आम्हाला गंभीर वाटतो व तो टाळून या चित्रपटाचा विचार करता येणार नाही. पहिल्याबाबत मात्र वेगळा विचार हवा. एका नायकाची एकरेषीय कथा हा निकष बायकांच्या खेळाला लावला तर तो तोकडा पडणारच. झिम्म्यात कुणी एक नायिका नसते; प्रत्येकीची पाळी येते, ती एक कडवे म्हणते आणि फेर पुढे सरकतो. भोंडल्यातील, भुलाबाईतील वेड्या नवऱ्याचे गाणे आठवावे. त्या नवऱ्याचे मन उलगडण्याची कुणालाच गरज वाटत नाही. त्याच्या एकेका प्रतापावर सगळ्या मिळून हसतात आणि त्या हसण्यात सासर चार घटका हलके होते. तारा भवाळकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी लोकसाहित्यातील स्त्रीचा हा स्वर कित्येक वर्षांपूर्वी दाखवून दिला आहे. चित्रपटाच्या समीक्षेने ते धन अद्याप फारसे वापरलेले नाही. हा चित्रपट मध्येच विस्कळीत होतो हे खरेच, पण तो कोणत्या घाटाचा वारस आहे हे न पाहता दिलेला निकाल अपुरा राहतो.

खानदेशातून पाहताना आणखी एक बाजू दिसते. येथील बहुसंख्य घरांत मंगळागौर हा कुळाचार नाही. आमच्याकडे आखाजीला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, श्रावणात कानबाई बसते, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई असते. सासरची उणीदुणी काढणारा, नात्यांना चिमटे घेणारा बायकांचा विनोद या गाण्यांत अहिराणीतून आणि लेवा बोलीतून वाहत आला आहे. चित्रपटाने ज्याला सगळ्यांचे बाईपण म्हटले त्यात ही बोली नाही, शेतात रोजाने राबणारी बाई नाही. साक्री किंवा चोपड्याच्या खेड्यातल्या बाईला मल्टिप्लेक्सचा खेळ म्हणजे तिकिटाखेरीज प्रवासाचा खर्च आणि बुडालेली मजुरी. पंचाहत्तर कोटींच्या हिशेबात ती फारशी नसणार. तरीही मंगळागौर न पुजणाऱ्या कित्येकींना तो खेळ आपला वाटला. त्याचे कारण विधीत नसून, चार बायकांनी मिळून घरापासून काढलेल्या त्या दोन-अडीच तासांच्या मोकळिकीत असावे, असे आम्हाला वाटते.

बाजाराने ही मोकळीक लगेच ओळखली. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'झिम्मा २' आला, १ मे २०२४ रोजी परेश मोकाशी यांचा 'नाच गं घुमा' आला. यांपैकी दुसऱ्याची नोंद येथे आवर्जून करावी लागेल, कारण त्यात मुक्ता बर्वेच्या नोकरदार गृहिणीइतकीच मोठी भूमिका नम्रता संभेरावच्या मोलकरणीला आहे. एका बाईची मोकळीक दुसऱ्या बाईच्या कष्टांवर उभी असते, हे सत्य तेथे विनोदातूनच पुढे येते. बहिणींच्या फेरात जी बाई आली नव्हती तिला जागा करून देण्याचा हा एक प्रयत्न होता. तो पुरेसा होता की नाही यावर मतभेद होऊ शकतात, आणि व्हावेत.

व्यापाराने बायकांना ग्राहक म्हणून मोजले. तो त्याच्या धर्माला जागला. समीक्षेचा आणि अध्यापनाचा धर्म निराळा आहे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव मिळाले. तिच्या नावाच्या विद्यापीठात विनोदी वाङ्मय शिकवताना भुलाबाईची गाणी, आखाजीची गाणी, मंगला गोडबोले यांचे लेखन आणि गेल्या काही वर्षांतील हे चित्रपट एकत्र ठेवून वाचता येतील. वर्गात मुलींची संख्या मोठी असते. त्यांच्या आज्या-मावश्या कशावर हसतात, कुणाला हसतात आणि कोण समोर आले की हसू आवरतात, हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. गाणी गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे आणि आम्ही ती ऐकून मग निकषांची चर्चा करावी, असा क्रम आता लावून पाहायला हवा.