डर्टी काऊ

डर्टी काऊ हे लिनक्स कर्नलच्या स्मृती व्यवस्थापनातील एका गंभीर सुरक्षा त्रुटीचे प्रचलित नाव आहे. सीव्हीई-२०१६-५१९५ हा तिचा नोंदणी क्रमांक आहे. ही त्रुटी ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली. मात्र २००७ साली प्रसिद्ध झालेल्या २.६.२२ या आवृत्तीपासून ती कर्नलमध्ये होती. तिचा गैरवापर करून सामान्य वापरकर्त्याला केवळ वाचनाची परवानगी असलेल्या फाइलींमध्ये बदल करता येत असे आणि त्यातून 'रूट' हे सर्वोच्च अधिकार मिळवता येत असत. नावातील 'काऊ' हा शब्द कॉपी-ऑन-राइट या संज्ञेच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून बनला आहे.

पार्श्वभूमी

दोन किंवा अधिक क्रिया एकाच वेळी एकाच माहितीवर चालू असताना अंतिम निष्पत्ती त्यांच्या क्रमावर अवलंबून राहिली, तर त्या स्थितीला रेस कंडिशन म्हणतात. ती टाळण्यासाठी कर्नलमध्ये प्रामुख्याने लॉक वापरले जातात. लॉक जितका व्यापक, तितकी सुरक्षितता अधिक. परंतु इतर क्रियांना थांबावे लागत असल्याने वेग कमी होतो. म्हणून अनेक ठिकाणी एकाच वेळी अनेकांना घेता येणारा वाचन-लॉक वापरला जातो.

कॉपी-ऑन-राइट ही स्मृती वाचवण्याची पद्धत आहे. अनेक प्रक्रिया एकच फाइल खासगी स्वरूपात वापरत असतील, तर त्या सर्वांना स्मृतीतील एकच पेज दाखवले जाते. एखाद्या प्रक्रियेने त्यात लिहिण्याचा प्रयत्न केला, की कर्नल त्या पेजची स्वतंत्र प्रत तयार करते आणि लेखन त्या प्रतीत होते. मूळ पेज अबाधित राहते.

त्रुटीचे स्वरूप

प्रॉक फाइलप्रणालीतील 'मेम' या फाइलद्वारे प्रक्रियेला स्वतःच्या स्मृतीत लिहिता येते. असे लेखन केवळ-वाचनीय भागात करायचे असल्यास कर्नल प्रथम पेजची खासगी प्रत तयार करत असे. प्रत तयार झाल्यावर 'लेखन करायचे आहे' असे दर्शवणारा फ्लॅग काढून टाकला जाई आणि पेजचा पुन्हा शोध घेतला जाई. या वेळी सापडणारे पेज खासगी प्रतच असेल, असे गृहीत धरलेले होते.

प्रत तयार होणे आणि पुन्हा शोध घेणे यांदरम्यान त्याच प्रक्रियेतील दुसरा थ्रेड 'एमअ‍ॅडव्हाइज' या सिस्टिम कॉलद्वारे ती प्रत टाकून देऊ शकत असे. दोन्ही क्रिया स्मृतीचा लॉक केवळ वाचनासाठी घेत असल्याने त्या परस्परांना अडवत नसत. लेखनाचा फ्लॅग आधीच काढलेला असल्यामुळे कर्नल वाचनासाठीचे मूळ पेज परत देई आणि लेखन थेट त्यात होई. दोन्ही क्रिया वारंवार केल्यास हा योग कधीतरी जुळून येत असे.

दुरुस्ती

लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये या दोषावर उपाय करण्याचा प्रयत्न केला होता. तथापि एस-३९० या संगणक रचनेवर अडचणी आल्याने तो बदल मागे घेण्यात आला. त्या काळी ही रेस कंडिशन केवळ सैद्धांतिक मानली जात होती. पुढे कर्नलची समांतर काम करण्याची क्षमता वाढली आणि ती प्रत्यक्षात घडवून आणणे सोपे झाले, असे त्यांनी २०१६ च्या दुरुस्तीसोबत नोंदवले.

या दुरुस्तीत लेखनाचा फ्लॅग कायम ठेवण्यात आला. प्रत झाल्याची नोंद ठेवण्यासाठी 'फॉल-काऊ' हा वेगळा फ्लॅग आला आणि पेज बदलले गेल्याचे दर्शवणारा डर्टी बिटही तपासला जाऊ लागला. प्रत मध्येच नाहीशी झाल्यास तपासणी अयशस्वी ठरते आणि नवी प्रत तयार केली जाते. ही दुरुस्ती ४.८.३, ४.७.९ आणि ४.४.२६ या आवृत्त्यांत समाविष्ट झाली.

प्रभाव

फिल ओस्टर यांना ही त्रुटी एका सर्व्हरवरील हल्ल्याच्या तपासात आढळली. म्हणजेच ती जाहीर होण्यापूर्वीच तिचा गैरवापर सुरू झाला होता. लिनक्स कर्नलवर आधारित असल्याने अँड्रॉइड उपकरणांनाही तिचा धोका होता. सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रेंड मायक्रो या कंपनीने या त्रुटीचा वापर करणाऱ्या झेडनियू या अँड्रॉइड मालवेअरची माहिती दिली. त्याचे बहुसंख्य बळी चीन आणि भारतातील होते.

नंतरच्या संबंधित त्रुटी

२०१६ ची दुरुस्ती अपुरी असल्याचे नोव्हेंबर २०१७ मध्ये दिसून आले. मोठ्या आकाराच्या पेजांच्या बाबतीत प्रत न होताही डर्टी बिट लागू शकत होता. या त्रुटीला 'ह्यूज डर्टी काऊ' (सीव्हीई-२०१७-१०००४०५) म्हणतात. २०२२ मध्ये टीएमपीएफएस फाइलप्रणालीच्या संदर्भात अशीच आणखी एक त्रुटी (सीव्हीई-२०२२-२५९०) आढळली. त्यानंतर 'फॉल-काऊ' फ्लॅग काढून टाकण्यात आला. आता पेज खरोखरच त्या प्रक्रियेचे अनन्य खासगी पेज आहे का, हे लेखनाच्या वेळी थेट तपासले जाते. पूर्वी घडलेल्या क्रियेची आठवण ठेवणारा फ्लॅग किंवा डर्टी बिटसारखी अप्रत्यक्ष खूण यांऐवजी पेजची प्रत्यक्ष स्थिती पाहणे, हा या बदलाचा गाभा आहे.