सोळा आण्यांचं पीक

आमच्या काकाजींची शेती आंजीला. आंजी (मोठी), तालुका-जिल्हा वर्धा. कंसातलं 'मोठी' गाळायचं नाही, कागदोपत्री आहे ते. दिवाळीनंतर कधीही फोन केला की कापसाच्या भावाच्याही आधी विषय निघतो आणेवारीचा. आणा हे नाणं 1957 साली दशमान पद्धत आली तेव्हाच निकालात निघालं. सरकारी कागदावर तिची 'पैसेवारी' झाली, पण गावात तसं कोणी म्हणत नाही.

हिशोब सोपा आहे. चांगल्या वर्षाचं पीक म्हणजे एक रुपया, सोळा आणे. यंदा त्यातलं किती पिकलं? आठ आण्यांच्या, म्हणजे 50 पैशांच्या आत असेल तर टंचाई. आकडा अख्ख्या गावाला एकच. तुमचं वावर नाल्याच्या पुरात खरडून गेलं आणि गावाची आणेवारी 53 निघाली, तर संपलं! असा ॲव्हरेजवर अलर्ट आमच्या ऑफिसात कोणी लावला तर त्याला शिव्या बसतील.

पण जुनं वाचायला लागलं की शिव्या जरा आवरत्या घ्याव्या लागतात. आणेवारी मदतीसाठी जन्मलीच नव्हती, ती सारावसुलीची. इंग्रजी अमलात वर्धा मध्य प्रांतात होता आणि इथे मालगुजारी होती. सरकार मालगुजाराकडून सारा घेई, मालगुजार कुळांकडून. पीक बुडालं की प्रश्न एवढाच असायचा, की यंदा किती सोडायचं? मग एक तर तहकुबी (म्हणजे पुढच्या वर्षी भरा), नाहीतर सूट. मदत म्हणजे सरकारने न घेणं! शेतकऱ्याच्या हातात रोख पडायची ती 1883 आणि 1884 च्या कायद्यांखालची तगाई, आणि ते शेवटी कर्जच. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत ज्यांच्याकडे काहीच उरलं नाही, त्यांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली.

पुढे मालगुजारी गेली. वर्धा 1956 ला मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि 1960 ला महाराष्ट्रात आला. आणेवारी मात्र राहिली. सारा आता इतका नाममात्र झालाय की त्यात सूट मिळून काय मिळणार? दुष्काळ जाहीर झाला की कर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या बिलात 33.5 टक्के सवलत, पोरांची परीक्षा फी माफ असंही मिळतं, पण खिशात काही येत नाही. काकाजींच्या भाषेत, "आनेवारी खाली आली, पन हाती काय आलं बाप्पा?" 2017 पासून तर दुष्काळ ठरवताना पाऊस, उपग्रहातून दिसणारी हिरवळ, जमिनीतली ओल असं सगळं बघतात. आणेवारी तरीही दरवर्षी निघतेच.

2006 चं पंतप्रधान पॅकेज आठवतं? मनमोहन सिंग आमच्याच जिल्ह्यात वायफडला येऊन गेले होते. सहा जिल्ह्यांना 3,750 कोटी. त्यातले 2,177 कोटी सिंचनाचे. बुडालेल्या पिकाची एकरी भरपाई त्यात नव्हतीच.

रोख येते ती वेगळ्या दाराने. मंडळाच्या पर्जन्यमापकात 24 तासांत 65 मिमी पाऊस मोजला गेला तर अतिवृष्टी. मग पंचनामा, आणि नुकसान 33 टक्क्यांवर हवं (2015 पर्यंत ही अट 50 टक्क्यांची होती). इथे निदान प्रत्येकाचं वावर बघतात. 2022 च्या पावसाळ्यात राज्याने कोरडवाहूला हेक्टरी 13,600 रुपये दिले, 3 हेक्टरपर्यंत. म्हणजे एकरी साधारण 5,500. कपाशीचं बियाणं, खत, फवारणी, निंदण हे सगळं धरून विचार करा.

आणि रोज 40 मिमी असा आठवडाभर पडला तर? सोयाबीन तेवढंच सडतं, मापक मात्र 65 च्या खालीच. त्यासाठी 2023 मध्ये राज्याने 'सततचा पाऊस' ही वेगळी आपत्ती मानली. त्यात सलग 5 दिवस, रोज किमान 10 मिमी, शिवाय आणखी अटी. चौथ्या दिवशी ऊन पडलं तर मोजणी पुन्हा एकपासून.